आकलन-कार्डांचा संच: शब्दांना पैकीच्या पैकी, प्रश्न काठावर पास

दुसरी ते चौथीच्या मुलांसाठीचा हा कार्डांचा संच मी माझ्या तिसरीच्या वर्गात वापरतेय. कार्डाच्या एका बाजूला छोटा उतारा, मागे प्रश्न आणि सोबत शब्दकार्डांची वेगळी डबी. डबीवर मी खूश आहे. उताऱ्यांचं तसं नाही.

शब्द निवडणाऱ्याला मुलं कळतात. 'झाड', 'पाणी' असले येतच असलेले शब्द नाहीत आणि 'परागीभवन'सारखे एका धड्यापुरतेही नाहीत. टाळाटाळ, संकोच, हिरमुसणे, चिकाटी असे गोष्टीत, बातमीत कुठेही भेटणारे, पण मुलांच्या रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे शब्द आहेत. इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन या वाचनाच्या अभ्यासकांनी शब्दांचे तीन स्तर पाडले, त्यातला हा मधला. शिकवण्याचे कष्ट इथेच वसूल होतात. अर्थाखाली प्रश्न असतो: 'तू कशाची टाळाटाळ करतोस?' एकजण म्हणाला, "आंघोळीची." त्याच्या शेजाऱ्याने लगेच हरकत घेतली, "बाई, तो टाळाटाळ नाही करत, सरळ नाहीच म्हणतो. टाळाटाळ म्हणजे 'थांब, जातो, जातो' करत बसायचं." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं!

शिवाय डबीतला शब्द पुढच्या उताऱ्यांत वेगवेगळ्या रूपांत परत भेटतो, म्हणून टिकतो. काही कार्डांवर मात्र घाई झालीय. चिकाटी म्हणजे काय, तर जिद्द. जिद्दीचं कार्ड काढलं, तर तिथे चिकाटी!

आता उतारे. बहुतेक प्रश्नांची उत्तरं वाक्यातून जशीच्या तशी उचलता येतात. 'गबरूने झिपळी टमकावली. गबरूने काय टमकावलं?' हे मी बनवलेलं निरर्थक वाक्य, तरी उत्तर आलं ना तुम्हाला? कळलं काय? याला आकलन म्हणायचं, तर कठीण आहे.

म्हणूनच मोजकी अनुमानाची कार्डं उठून दिसतात. राधा घरात येते, छत्री कोपऱ्यात उभी करते, केस पुसते. बाहेर काय चाललं होतं? 'पाऊस' हा शब्द उताऱ्यात नाही. "पोहून आली असेल," एक मुलगी म्हणाली. "मग छत्री कशाला?" मागच्या बाकावरून. "उन्हाची!" पाच मिनिटं वाद रंगला, पुरावे शोधायला मुलं पुन्हापुन्हा उताऱ्यात शिरली. उत्तरपुस्तिकेत मात्र एकच शब्द: पाऊस. ती पुस्तिका मी कपाटात टाकलीय.

दुसरी अडचण विषयांची. एक उतारा ऑक्टोपसवर, पुढचा ज्वालामुखीवर, त्यापुढचा पोस्टमनवर. रेख्ट आणि लेस्ली या संशोधकांच्या १९८८च्या प्रयोगात बेसबॉलची माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या मुलांना बेसबॉलवरचा मजकूर त्या खेळाची फारशी माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त समजला होता. एकाच विषयावर चार-पाच उतारे सलग असते, तर पहिल्यातली माहिती पुढच्यांत कामी आली असती. मी समुद्राची कार्डं निवडून एकत्र बांधली, तेवढंच.

प्रश्नांची बाजू आता मी आधी दाखवतच नाही. चौघांचा गट करते: एकाने पुढे काय होईल ते सांगायचं, एकाने प्रश्न काढायचे, एकाने अडलेलं सोडवायचं, एकाने थोडक्यात सांगायचं. पॅलिंक्सार आणि ब्राउन या संशोधकांची १९८४ची ही रीत या कार्डांवर फार छान चालते. संचात तिचा उल्लेखही नाही, याचं नवल वाटतं. जोडाक्षरांशी अजून झगडणाऱ्या मुलांना उतारा आपणच वाचून दाखवावा. अक्षरांवर खर्च होणारं लक्ष मोकळं झालं की तीच मुलं धडाधड बोलतात.

कार्डं जाड आहेत, टाइप मोठा आहे, चित्रं यथातथाच. पाचपैकी साडेतीन. शब्दांची डबी सुटी मिळत असेल, तर तेवढीच घ्या. उतारे तुमच्याकडच्या गोष्टींच्या पुस्तकांतूनही निघतील.