'द विकेड किंग': हुकमाच्या सावलीतले प्रेम

तीन भागांच्या मालिकेतला मधला भाग बहुधा पहिल्याची उजळणी आणि तिसऱ्याची तयारी करण्यातच खर्ची पडतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. होली ब्लॅक यांच्या 'द विकेड किंग'ने त्या तक्रारीला जागाच ठेवली नाही. २०१८ मध्ये आलेल्या 'द क्रूएल प्रिन्स'चा हा पुढचा भाग जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा सरस आहे. ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही त्यांनी मात्र येथेच थांबावे, कारण त्याचा शेवट सांगितल्याशिवाय या पुस्तकाविषयी काहीच लिहिता येणार नाही.

ज्यूड ही परीलोकात, म्हणजे एल्फहेममध्ये, वाढलेली मर्त्य मुलगी. ज्या मॅडॉकने तिच्या आईवडिलांची हत्या केली, त्यानेच तिला आणि तिच्या बहिणींना लहानाचे मोठे केले. तिचा सतत पाणउतारा करणाऱ्या राजपुत्र कार्डनकडून तिने एक वर्ष आणि एक दिवस आपली आज्ञा पाळण्याचे वचन घेतले आणि त्याच्या मनाविरुद्ध त्याला सिंहासनावर बसवले. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा या मुदतीतले काही महिने सरलेले असतात. राजा तो असला तरी सत्ता तिची आहे, आणि दोघांना एकमेकांविषयी वाटणारी ओढ दोघांनाही सारखीच असह्य होते.

या कादंबरीतले प्रेम मला इतके भावले ते याच पेचामुळे. जो माणूस आपला हुकूम मोडूच शकत नाही, त्याने जवळ येणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्यूडला प्रत्येक भेटीत छळतो आणि वाचकालाही सोडत नाही. त्यातच या जगातील परीवंशीयांना खोटे बोलता येत नाही, पण सत्याची अशी काही मांडणी करता येते की ऐकणारा हमखास फसावा. खोटे बोलू शकते ती ज्यूड, आणि दरबारात तेच तिचे सर्वांत मोठे हत्यार आहे. त्यामुळे कार्डनचे प्रत्येक वाक्य दोनदा वाचावे लागते: तो काय म्हणाला यासाठी एकदा, आणि काय म्हणायचे त्याने टाळले यासाठी पुन्हा. जवळजवळ सारी कथा ज्यूडच्याच तोंडून, वर्तमानकाळात येत असल्याने तिचा संशय हाच आपला चष्मा होतो. कार्डन मवाळ होत असल्याच्या खुणा आपल्याला दिसत राहतात, ती मात्र त्यांना डाव समजते.

उत्तरार्धात सागरतळाची राणी ओर्लाघ ज्यूडला कैद करते, तो भाग तर अप्रतिम आहे. आपल्यावर मोहिनी चालत नाही हे शत्रूंना कळू नये म्हणून भूक आणि अपमान सोसत, चेहऱ्यावर आज्ञाधारक समाधान ठेवून तिला वावरावे लागते. आजवर दुसऱ्याला हुकूम सोडणाऱ्या मुलीवर हुकुमाची ताबेदार असल्याचे सोंग वठवण्याची वेळ यावी, ही रचना लेखिकेने कुठेही बोट ठेवून दाखवलेली नाही, आणि म्हणूनच ती मनात रुतते.

उणिवा नाहीत असे नाही. ज्यूडची जुळी बहीण टॅरिन आणि लॉक यांच्या लग्नाचा प्रसंग रेंगाळतो. लॉक हे पात्र मला मुळातच कंटाळवाणे वाटते, हेही त्याचे एक कारण असावे. उलट रोच, बॉम्ब आणि घोस्ट या टोपणनावांनी वावरणाऱ्या ज्यूडच्या हेरांना आणखी पाने मिळायला हवी होती. समुद्राखालच्या राज्याचे राजकारण सुरुवातीला थोडे घाईत उरकले आहे.

शेवटाविषयी मी काही सांगणार नाही. एवढेच म्हणेन की तेथील राजाज्ञेचे शब्द सावकाश, एकेक करून वाचावेत. तिसरा भाग, 'द क्वीन ऑफ नथिंग', नोव्हेंबर २०१९ मध्ये आला आहे. तो हाताशी असल्याखेरीज शेवटच्या प्रकरणाला हात घालू नका.