चार्जिंग आलं, टावर गेला: वॉरंटीत दुरुस्त होऊन आलेल्या फोनचा अनुभव

या फोनचा कॅमेरा, प्रोसेसर, रॅम यांबद्दल काही लिहीत नाही. ते डब्यावर छापलेलं आहे आणि यूट्यूबवर शंभर जणांनी वाचून दाखवलेलं आहे. पंधरा हजारांच्या आतला, ५००० एमएएच बॅटरीचा, दोन सिमचा फोन. आठवडी बाजारात दर तिसऱ्या माणसाच्या खिशात असतो तसाच. वापरायला बरा निघाला. बॅटरी दीड दिवस जाते, वावरात भर उन्हात स्क्रीन वाचता येतो, थ्रेशर चालू असतानाही रिंग ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार्जिंग मध्येच थांबतं, पण तो दोष धरू नका. सेलचं तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं की लिथियम बॅटरी चार्ज होऊ नये म्हणून फोनच ते रोखतो, आणि आपल्याकडे त्या दिवसांत सावलीतला पाराच तिथे पोचलेला असतो. चार तारे द्यायला हरकत नव्हती.

मग चार्जिंगची पिन ढिली झाली. फोन वॉरंटीत होता, सर्व्हिस सेंटरने पिनेसकट छोटा बोर्ड बदलून दिला, पैसे लागले नाहीत. चार्जिंग झकास झालं. गावात आल्यावर मात्र टावर गेला. दांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. लागला तर आपला आवाज समोरच्याला तुटक जातो, त्याचा आपल्याला नीट येतो. ई-पीक पाहणीचा फोटो निघतो, अपलोड होत नाही. बॅटरी दीड दिवसावरून एका दिवसाच्या आत आली आणि फोन खिशात गरम राहू लागला. पुढचं सगळं या एका बिघाडाबद्दल आहे, कारण चार्जिंगच्या दुरुस्तीनंतर नेमका हाच बिघाड बऱ्याच फोनना होतो आणि सगळे सिम कंपनीला शिव्या घालत बसतात.

कारण साधं आहे. मोबाइलवाले ज्याला ‘सीसी बोर्ड’ म्हणतात तो चार्जिंगचा बोर्ड फोनच्या तळाशी असतो. बहुतेक फोनमध्ये मुख्य अँटेनाही तळाशीच असतो आणि त्याची जोडणी याच बोर्डावर होते. तिथून वरच्या मदरबोर्डापर्यंत शेवयीसारखी एक बारीक गोल वायर जाते. तिच्या दोन्ही टोकांना ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, गोल पितळी टोपी असते. ती बरोबर मधोमध धरून दाबली की ‘टिक’ होऊन बसते. सीसी बोर्ड बदलताना ही टोपी उचलावीच लागते. परत बसवताना ती तिरपी राहिली, अर्धवट दबली किंवा वायर झाकणाखाली चेपली, तर फोन चालू होतो, चार्ज होतो, वरवर सगळं ठीक दिसतं. गावात सुट्टा मिळणारा स्वस्त सीसी बोर्ड टाकला असेल तर त्यावरची अँटेनाची जोडणीच कमअस्सल असते, आणि अनेकदा फास्ट चार्जिंगही जातं.

दांड्या दिसतात तरी कॉल काहून लागत नाही, तेही बघा. आजच्या ४जी फोनमध्ये सिग्नल घेण्यासाठी वरच्या बाजूला आणखी एक अँटेना असतो. टावरचं ऐकायला तो कामी येतो, पण फोनला टावरकडे पाठवायचं असतं ते मुख्यतः खालच्या अँटेनावरून. वायर सुटली की फोन ऐकतो, पण त्याचं बोलणं पोचत नाही. मग तो पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. बॅटरी उतरते ती तिथे, अंग तापतं ते तिथे.

आता खरं दुखणं. हा बिघाड घेऊन तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटरला गेलात की काउंटरवरचा पोरगा फोन हातात घेतो, वर बघतो आणि म्हणतो, ‘भाऊ, इथं तर फुल टावर दाखवून राहिला.’ जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि फोन आहे तसा परत. तो खोटं बोलत नसतो. टावर त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर असतो.

यावर उपाय एकच: दांड्या बघू नका, आकडा बघा. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’, त्यात ‘सिम स्टेटस’, तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये लिहिलेली असते. डीबीएम हे सिग्नल मोजायचं माप, दोन आकड्यांतला फरक डीबीत सांगतात. ज्या फोनमध्ये सापडत नाही तिथे डायलरवर *#*#4636#*#* दाबून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये फोनची माहिती उघडते. आकडा उणे असतो. ४जीवर उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या पलीकडे रडारड.

मोजायचं कसं, तर एकच सिम, एकच जागा, दोन फोन. दोन्हीत नेटवर्क फक्त ४जीवर ठेवायचं. सिम घातल्यावर फ्लाइट मोड चालू-बंद करायचा, म्हणजे फोन टावर नव्याने शोधतो. फोन दगडावर किंवा बंडीच्या पाटीवर ठेवायचा. मुठीत धरू नका, तळहाताने खालचा अँटेना झाकला जातो. दोन मिनिटं आकडा स्थिर होऊ द्या आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. आमच्या धुऱ्यावर शेजारच्या साध्या फोनला उणे १०३, आणि या दुरुस्त होऊन आलेल्याला उणे ११५. फरक बाराचा. दर दहा डीबीला सिग्नल दहापट पडतो, म्हणजे बारा डीबीला जवळपास सोळापट.

आणि आता काउंटरवर या. हाच बाराचा फरक तिथेही असतो! तालुक्याला चांगल्या फोनला उणे ७५ दिसेल, बिघडलेल्याला उणे ८७. दोन्हीला दांड्या फुल. त्यामुळे ‘आमच्याकडे दोष दिसत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. त्यांच्याच एखाद्या फोनमध्ये तुमचं सिम टाकायला सांगा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि ते जॉब शीटवर लिहून घ्या. ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. मजकूर असा हवा: ‘सीसी बोर्ड बदलल्यानंतर नेटवर्क कमी, त्याच सिमवर दुसऱ्या फोनपेक्षा १२ डीबी कमी, अँटेना वायर तपासणे.’ पोरगा कुरकुरतो, रकाना लहान आहे म्हणतो. मागच्या कोऱ्या बाजूला लिहून शिक्का मारून घ्यायचा.

तेही नाही म्हणाला तर तिथेच उभं राहून कंपनीच्या ईमेलवर तोच मजकूर, दोन्ही फोटो आणि जॉब शीटचा नंबर पाठवायचा. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

फोन ताब्यात घेताना बाकीचंही तिथल्या तिथे बघून घ्या. *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बिलाशी जुळवा. मदरबोर्ड बदलला असेल तर आयएमईआय बदलू शकतो. मग नवा नंबर जॉब शीटवर छापलेलाच हवा, नाहीतर पुढच्या वेळी ‘हा फोन या बिलाचा नाही’ ऐकावं लागतं. शंका वाटली तर KYM लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करा, फोनची नोंद कळते. एक कॉल लावून फोन कानाला लावा: स्क्रीन काळा झाला पाहिजे आणि काढल्यावर उजळला पाहिजे. फोल्डर (काचेसकट स्क्रीन) बदललेल्या फोनमध्ये हा सेन्सर अनेकदा चुकतो आणि कानानेच कॉल म्यूट होतो. मागच्या कव्हरच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर चिकटपट्टी नीट लागलेली नाही. ज्याचा फोन तुरीच्या गंजीवर आणि पऱ्हाटीच्या धुळीत पडलेला असतो, त्याने हे सोडू नये. आतला एखादा स्क्रू कमी असला तर वरच्या अँटेनाचे स्प्रिंग दबत नाहीत आणि जीपीएस भटकतं. ई-पीक पाहणीत आपलं वावर शेजाऱ्याच्या गटात दिसायला लागलं तर तलाठ्याकडे जाण्याआधी फोनवर शंका घ्या.

जमा करण्याआधीचं एक काम: सिमचा ट्रे काढून आतला फोटो. पुष्कळ फोनमध्ये तिथे किंवा आत एक पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल होते. टिकली लाल दिसली की वॉरंटी संपली असं सांगतात. देताना ती पांढरी होती याचा फोटो असला की पुढचं बोलणं बरंच कमी होतं.

आता ‘फुकट करून दिलं ना, मग काय तक्रार’ या वाक्याबद्दल. हे ऐकलं की डोकं फिरतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात खरोखर फुकट दिलेली सेवा ‘सेवा’ धरली जात नाही. पण वॉरंटीतली दुरुस्ती फुकट नाहीच. तिचे पैसे फोनच्या किमतीत आधीच वसूल झालेले आहेत. त्यामुळे तिच्यात राहिलेली कमतरता ही सेवेतली त्रुटी धरून मांडता येते आणि दुकानदार, सर्व्हिस सेंटर, कंपनी या तिघांनाही सामनेवाले करता येतं. एकाचंच नाव घातलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पैसे देऊन दुरुस्ती केली असेल तर पावती मागाच. बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. छोट्या दुकानदाराला ‘तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही’ असंही सांगतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच असतो.

पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. फोन लावण्याआधी बिलाची तारीख, आयएमईआय, जॉब शीट नंबर आणि काय हवं ते एका वाक्यात लिहून ठेवा. ‘न्याय पाहिजे’ लिहू नका. ‘अँटेना वायर व सीसी बोर्ड तपासून द्या, न जमल्यास फोन बदलून द्या’ असं लिहा. ही हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवते आणि उत्तर मागते. म्हणून तिच्यावर विशेष भरवसा नव्हता.

इथपर्यंतचं आधी लिहून ठेवलं होतं आणि फोनला दोन तारे दिले होते. त्यानंतर हेल्पलाइनची तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत गेली आणि सर्व्हिस सेंटरकडूनच फोन आला, घेऊन या म्हणून. कव्हर काढलं तर वायरची खालची टोपी तिच्या खोबणीच्या शेजारी नुसती टेकलेली होती. कारागिराने प्लास्टिकच्या काडीने ती दाबली, टिक झालं, आणि बोर्ड न बदलता, पार्ट न लागता काम संपलं. त्याच धुऱ्यावर त्याच सिमला आता उणे १०२. बॅटरी पुन्हा दीड दिवस. म्हणजे फोनचा दोष नव्हताच. फोनला परत चार तारे. कारागिरालाही फार बोलत नाही, दिवसाला ढीगभर फोन उघडायचे तर असं होतं. पण दुरुस्तीनंतर सिग्नलचा आकडा जॉब शीटवर लिहायची पद्धत नाही, त्याला एकच तारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे ते.

खर्चाचं मात्र राहून गेलं. फुकट वॉरंटी एस.टी.च्या भाड्याने आणि बुडालेल्या मजुरीने महाग पडते. तिकिटं जपून ठेवा, नुकसानभरपाईत मागता येतात. घरातल्या बाईमाणसाचं त्या बाजूला काम निघत असेल तर फोन तिच्याजवळ द्या, अर्ध्या तिकिटात काम होतं. चेष्टा वाटेल, पण हिशेब आहे.

ज्यांचं हेल्पलाइनवर भागत नाही त्यांच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, त्यावर घरून दाखल करता येतं आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही देता येतो. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते, त्याने हा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. कागद एवढेच: बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉब शीट, ईमेल, आकड्यांचे फोटो, प्रतिज्ञापत्र. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरूनच चाला. आयोग दोष काढून द्या, फोन बदला, पैसे परत करा, भरपाई द्या असे आदेश देऊ शकतो आणि ते न पाळणाऱ्याला कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मागणी मात्र बेताची ठेवा. बारा हजारांच्या फोनसाठी मानसिक त्रासाचे पाच लाख लिहिले की समोरच्याच्या वकिलाला तेवढंच बोलायला पुरतं.

या फोनचं सध्याचं: नेटवर्क चांगलं, चार्जिंग चांगलं, दुसऱ्यांदा उघडल्यामुळे मागच्या कव्हरला डाव्या कोपऱ्यात नख अडकतं. ते जॉब शीटवर लिहून घेतलेलं आहे आणि मिरगाच्या आधी त्यांच्याकडूनच चिकटवून घ्यायचं आहे. वॉरंटी तोपर्यंत चालू आहे.