कोर्टाच्या पुरसिसवर सही करण्याआधी हे वाचा

माझा धाकटा भाऊ हर्णै बंदरात खलाशी होता. जानेवारी 2023 मध्ये दापोलीहून घरी येताना समोरून आलेल्या टेम्पोने त्याच्या बाईकला उडवलं. उजव्या मांडीचं हाड आणि घोटा, दोन्ही मोडले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ बिस्किटांचे पुडे घेऊन वॉर्डात आले. अपघाताच्या भरपाईचे दावे लावून देणारे एजंट होते ते. एफआयआरची झेरॉक्स आम्हाला मिळायच्या आधीच त्यांच्या हातात होती. मला तिथेच शंका यायला हवी होती.

"ताई, तुम्ही एक रुपया काढू नका. वकील माझा, खर्च माझा. भरपाईचे पैसे आले की तीस टक्के माझे." जेवणाच्या डब्याचं झाकण भावाच्या पोटावर ठेवून त्यावर त्यांनी कागद पसरले. वकीलपत्र, दोन कोरे कागद, आणि नंतर नव्या खात्याचं चेकबुक. भावाने पेन हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "ताई, करू सही?" मी म्हणाले, कर. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

वकीलपत्र म्हणजे नुसतं 'हे माझे वकील' एवढंच नसतं. बहुतेक छापील वकीलपत्रांत तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकारही दिलेला असतो. तो मजकूर बारीक टायपात असतो, वाचून घ्या. आणि भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं.

दीड वर्षाने फोन आला, लोकअदालत आहे, भावाला घेऊन या. गर्दीत उभं राहून त्याने एका कागदावर सही केली. "ही हजेरीची," असं एजंटने सांगितलं होतं. ती तडजोड पुरसिस होती. पुरसिस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवणं. आमच्या पुरसिसमध्ये लिहिलं होतं की साडेतीन लाख रुपये 'पूर्ण व अंतिम' भरपाई म्हणून मान्य आहेत, यापुढे काही मागणी नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पैसे खात्यात आले त्याच दिवशी सही केलेल्या चेकवर पावणेदोन लाख निघून गेले. तीस टक्क्यांचे पन्नास कधी झाले, ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

एजंटला जाब विचारला तर म्हणाला, "कायद्यात गंभीर दुखापतीला अडीच लाखच आहेत, मी लाखभर जास्तच काढून दिले." हे अर्धसत्य फार घातक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये अडीच लाख आहेत, पण ते चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारे. आमचा दावा कलम 166 खालचा होता. तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला तशी मर्यादा नाही.

हिशोब मी नंतर दुसऱ्या वकीलबाईंकडे बसून समजून घेतला. वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, तो गुणक. भावाचं वय 38, म्हणून गुणक 15. सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या निकालातला तक्ता आहे तो. महिना पंधरा हजार धरले तर वर्षाचे 1,80,000. दाखल्यावर अपंगत्व 40 टक्के, म्हणजे वर्षाला 72,000 चं नुकसान. त्याला 15 ने गुणलं की 10,80,000. दवाखान्याचा खर्च आणि यातनांची भरपाई वेगळी. शिवाय 2011 च्या निकालाप्रमाणे दाखल्यावरचा टक्का आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन गोष्टी निराळ्या धरतात. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय अधू होणं आणि हलत्या बोटीवर उभं राहून जाळं ओढणाऱ्याचा अधू होणं सारखं कसं असेल? हा मुद्दा आमच्या बाजूने कोणी मांडलाच नाही.

दावा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो, आणि 1 एप्रिल 2022 पासूनच्या कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. एजंट हीच मुदत दाखवून घाई करतात. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन यायला एक दिवस पुरतो. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नको. पासबुक घरात ठेवा. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तिथल्या तिथे मागा.

आता फसवून घेतलेल्या त्या तडजोडीविरुद्ध हायकोर्टात रिट अर्ज एवढाच रस्ता उरलाय, आणि तोही फार अरुंद. रत्नागिरी जिल्ह्यासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे मुंबईची फेरी तरी वाचेल. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार दिली आहे. भाऊ बंदरावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी शिवतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या, तेव्हा तो दिवसभर घरातून बाहेर आला नाही.