ईएसपी३२ बोर्ड आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने माझ्याकडे ईएसपी३२चा, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या एका छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपचा, तीस पिनांचा साधा डेव्हलपमेंट बोर्ड आहे. त्यावर ही चिप असलेलं वरूम-३२ मॉड्यूल, एका टोकाला मायक्रो यूएसबी आणि संगणकाशी बोलायला सीएच३४० चिप. दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान आणि आर्द्रता मेमरी कार्डवर लिहायची, एवढंच त्याचं काम आणि ते तो चोख करतो. पण या काळात तीन वेळा तो संगणकाला दिसेनासा झाला. तिन्ही वेळा मला वाटलं, गेला बोर्ड. तिन्ही वेळा तो वाचला. म्हणून त्याच्या गुणांपेक्षा याबद्दलच जास्त लिहिते.

पहिल्या दिवशी बोर्ड जोडला, लाल दिवा लागला, पण आर्डुइनो आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या, म्हणजे अपलोड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पोर्टची यादी रिकामी. ड्रायव्हर (संगणकाला सीएच३४०शी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, काढला, पुन्हा टाकला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी सहज म्हणून केबल बदलली आणि पोर्ट लगेच हजर! आधीची केबल नुसत्या चार्जिंगची होती. यूएसबी २.० केबलमध्ये वीज आणि ग्राउंडच्या दोन, डेटाच्या दोन, अशा चार तारा लागतात. डेटाच्या तारा नसल्या तरी दिवा लागतोच, कारण त्याला फक्त वीज हवी असते. त्यामुळे त्या दिव्यावर विसंबू नका. केबलची शंका असेल तर तिनेच फोन संगणकाला जोडा आणि फोनमधल्या फाइल दिसतात का ते बघा. माझ्या खात्रीच्या केबलला मी आता पिवळी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

त्या दोन संध्याकाळी वाया गेल्या, कारण मी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हेच पाहिलं नव्हतं. आता विंडोजवर आधी डिव्हाइस मॅनेजर उघडते आणि त्याच्याकडे बघत बोर्ड लावते, काढते. यादी जराही हलली नाही तर दोष केबलचा, सॉकेटचा नाहीतर यूएसबी हबचा. अशा वेळी ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पिवळ्या त्रिकोणासह नवी नोंद उमटली तर संगणकाने बोर्ड पाहिला आहे, फक्त ड्रायव्हर हवा आहे. आणि कॉम क्रमांक (विंडोजमधलं पोर्टचं नाव) मिळाला असेल तर बोर्ड व्यवस्थित दिसतो आहे, अडचण अपलोडची आहे. लिनक्सवर हेच काम एलएसयूएसबी (lsusb) आणि डीमेसेज (dmesg) या कमांड करतात. सीएच३४० बहुतेक वेळा १ए८६:७५२३ या आयडीने दिसते.

दुसऱ्या वेळी या सवयीने वाचवलं. नव्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ टाकलं होतं. डीमेसेजमध्ये टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) हा पोर्ट तयार झाल्याची ओळ आली आणि पाठोपाठ तो तुटल्याचीही. मधल्या ओळीत बीआरएलटीटीवाय (brltty) हे नाव होतं. हा प्रोग्राम अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो. काही ब्रेल उपकरणांतही हाच यूएसबी आयडी असल्यामुळे तो आपला बोर्ड ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. मी ते पॅकेज काढून टाकलं. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर मात्र पॅकेज राहू द्या आणि युडेव्हच्या (जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमांतली या आयडीची ओळ तेवढी बंद करा. त्यानंतर पोर्ट दिसला, पण उघडायची परवानगी नव्हती. स्वतःला डायलआउट (dialout) या, पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात घातलं, लॉगआउट करून परत आले आणि काम झालं.

तिसरा बिघाड खराखुरा होता. पाचव्या महिन्यात बोर्ड मधूनच दिसायचा, मधूनच गायब व्हायचा. केबल अंगठ्याने वर उचलून धरली की पोर्ट यायचा. भिंगाखाली पाहिलं तर सॉकेटच्या पत्र्याच्या पायाशी डाख केसाएवढा तडकलेला होता. फ्लक्स लावून पाय पुन्हा डाखले, वर गरम गोंदाचा थर दिला. या बोर्डाविषयी माझी खरी तक्रार हीच: मायक्रो यूएसबीचं सॉकेट नाजूक आहे. केबल ओढताना बोर्ड दुसऱ्या हाताने धरा.

अपलोडचा त्रास वेगळा. पोर्ट दिसायचा, पण 'कनेक्टिंग'पुढे टिंबं उमटत राहायची आणि शेवटी टाइमआउट व्हायचा. ईएसपी३२ला अपलोडसाठी रीसेटच्या क्षणी जीपीआयओ ० ही पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टच्या आसपास, मिळावी लागते. ते काम बोर्डावरचं सर्किट आपोआप करतं, पण माझ्या बोर्डावर त्याची वेळ चुकत होती. बूट बटण दाबून धरलं की जमायचं. नंतर ईएन (चिप रीसेट करणारी पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, धन पाय ईएनकडे. त्याने ईएन जरा उशिरा वर चढतो आणि तोवर जीपीआयओ ० खाली आलेला असतो. तेव्हापासून बूट बटणाला हात लावावा लागलेला नाही.

कार्ड मॉड्यूल जोडलं तेव्हा तर बोर्ड सुरूच होईना. त्याची डेटाची तार मी जीपीआयओ १२वर घेतली होती आणि मॉड्यूलवरचा पुलअप (पिन वीजपुरवठ्याकडे ओढणारा रेझिस्टर) ती हाय, म्हणजे ३.३ व्होल्टच्या आसपास, धरत होता. सुरू होताना ही पिन हाय असली की फ्लॅशचा (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीचा) व्होल्टेज ३.३ऐवजी १.८ ठरतो, मग फ्लॅश वाचताच येत नाही. तार १९वर हलवली आणि बोर्ड चालू झाला. तेव्हापासून काहीही अडलं की आधी सगळ्या तारा काढून नुसता बोर्ड जोडून बघते.

हा बोर्ड मी पुन्हा घेईन, पण टाइप-सी सॉकेटचा. तोही सीसीच्या (जोडणी ओळखायला टाइप-सी सॉकेटमध्ये असलेल्या) दोन्ही पिनांवर ५.१ किलोओमचे रेझिस्टर आहेत ना, हे बघून. ते नसतील तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने बोर्डाला वीजच मिळत नाही, लाल दिवासुद्धा लागत नाही.