रोवाफॉस: रीफ टँकमधील केसाळ शेवाळावर भरवशाचे, पण मोजून वापरायचे माध्यम

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ पाळलेल्या रीफ टँकमध्ये खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ चढू लागले, की बहुतेक जण आधी दिव्यांचे तास कमी करतात आणि मग शेवाळ मारणाऱ्या एखाद्या बाटलीच्या शोधात निघतात. रोवाफॉस हे त्या जातीचे औषध नव्हे. ते पाणी गाळण्याचे माध्यम आहे: लोहाच्या संयुगाचे त्याचे तपकिरी दाणे पाण्यात विरघळलेले फॉस्फेट आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात; शेवाळाला ते हात लावत नाहीत, त्याचा खुराक तेवढा तोडतात. हे समजून वापरले, तर केसाळ शेवाळासाठी मी इतर कोणत्याही उपायाआधी याचेच नाव घेईन.

दाणे टँकला जोडण्यापूर्वी आरओच्या पाण्यात धुवावे लागतात. सुरुवातीला गंजासारखे लालसर पाणी निघते. ते नितळ येईपर्यंत धुण्याचा कंटाळा करू नये. रिअ‍ॅक्टरमध्ये (दाणे भरून ज्यातून पाणी फिरवतात त्या नळकांड्यात) पाण्याचा वेग इतकाच ठेवावा, की वरच्या थरातले दाणे जेमतेम हलतील, कारण वेग वाढला तर दाणे एकमेकांवर घासून त्यांची भुकटी टँकमध्ये उतरते. रिअ‍ॅक्टर नसल्यास जाळीची पिशवी संपमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, वाहत्या पाण्यात ठेवूनही काम भागते; मात्र पिशवीत दाण्यांचा गोळा होत असल्याने ती अधूनमधून हलवावी लागते.

मात्रेबाबत मी आग्रहाने सांगेन, की डब्यावर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यानेच सुरुवात करावी. फॉस्फेट एकदम खाली आले तर प्रवाळांना त्याचा धक्का बसतो, त्यांचा रंग फिका पडतो आणि कधी कधी ऊतीही मागे सरकतात. शिवाय अशा माध्यमामुळे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) थोडी घसरू शकते, म्हणून तीही तपासत राहावी. फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत एक भाग) दरम्यान राहिले की पुरे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले, तर केसाळ शेवाळाच्या जागी बुडबुडे धरणारा तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेटचा (एकपेशीय सूक्ष्मजीवांचा) थर येण्याची भीती असते आणि तो हटवणे याहून कितीतरी अवघड असते.

मोजमापासाठी हॅना कंपनीचा फॉस्फेट चेकर (फॉस्फेट मोजणारे छोटे यंत्र) सोबत असावा, पण त्याचा आकडाही विचारपूर्वक वाचावा लागतो. खडक शेवाळाने भरलेले असताना आकडा कमी दिसतो, कारण पाण्यात आलेले फॉस्फेट शेवाळच खाऊन टाकत असते. उलट, माध्यम बसवून आकडा उतरल्यानंतर काही दिवसांनी तो पुन्हा वर जातो, तेव्हा खडकांनी आणि वाळूने पूर्वी शोषलेले फॉस्फेट पाण्यात परत येत असण्याचीही शक्यता असते. तेवढ्यावरून माध्यम निकामी ठरवणे घाईचे होईल.

पुण्यात मात्र खरी मेख टँकमध्ये भरायच्या पाण्यात असते. खडकवासल्याचे नळाचे पाणी, उन्हाळ्यात सोसायटीत येणारा टँकर आणि बोअरवेल यांची प्रत एकसारखी नसते, आणि बाष्पीभवनाची भरपाई म्हणून रोज हेच पाणी टँकमध्ये गेले तर रोवाफॉसचे डबेच्या डबे संपतील. स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओही येथे चालत नाही, कारण अशा अनेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळले जाते. आरओनंतर डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचे) नळकांडे जोडून टीडीएस मीटरवर शून्य येते का, हे आधी पाहावे. खाद्य म्हणून दिलेले गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळल्यावर सुटलेले पाणी गाळून टाकावे, आणि मगच या माध्यमावर पैसे खर्च करावेत.

शेवाळ उतरायला आठवडे लागतात. आधी त्याची वाढ थांबते, मग झुपके विरळ आणि फिकट होतात, आणि चिमटीत धरून ओढले की खडकापासून सहज सुटतात. या टप्प्यावर हाताने उपटणे आणि शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगाई सोडणे अतिशय परिणामकारक ठरते. लांब, दाट शेवाळाला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

लाल, बुळबुळीत पापुद्रा धरणारा सायनोबॅक्टेरिया किंवा नेच्यासारख्या पानांचे ब्रायोप्सिस यांसाठी हा डबा घेऊ नये. त्यांचे उपाय वेगळे आहेत. लहान टँकवाल्यांनी सर्वांत छोटा डबा घ्यावा आणि फॉस्फेट पुन्हा सातत्याने चढू लागले, की दाणे बदलावेत.