कूलंटचं एक्स्ट्रा टेंपरेचर मीटर: घ्यावं का?

डॅशवरचा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टेंपरेचरचा काटा एकदा मधोमध आला की तिथेच बसतो, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसाच सेट केलेला असतो, आणि वर सरकतो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं असतं. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हे डिजिटल किट घेतलं, डब्यावर नाव-बिव काही नाही. मीटर, सेन्सर आणि ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर, जो रेडिएटरचा वरचा होज पाइप कापून मधे बसवायचा. होजचं माप घेऊनच जा, दुकानदार 'सब में लगता है' म्हणेल, ऐकू नका.

खरी गोम अर्थिंगची, म्हणजे करंटच्या बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायच्या वाटेची आहे. सेन्सर एका वायरचा, म्हणजे त्याला अर्थ त्याच्या स्वतःच्या धातूच्या बॉडीतून मिळतो, पण ॲडॅप्टर दोन्हीकडून रबरात अडकलेला, मग अर्थ येणार कुठून? ॲडॅप्टरपासून वेगळी वायर चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) द्यायची, नाहीतर आकडे भलतेच येतात. किटमधले होज आवळायचे क्लिप एकदम फालतू, बाहेरून चांगले घ्या.

ईस्टर्न फ्रीवेवर टेंपरेचर ८८-९० डिग्रीच्या आसपास राहतं, सायनच्या ट्रॅफिकमधे एसी चालू असला की ९७ पर्यंत चढतं आणि फॅन लागला की उतरतं, बघायला मजा येते राव. रात्री डिस्प्ले डोळ्यात जातो, डिमर नाहीये.

अजून एक, कूलंटच गळून गेलं तर सेन्सर नुसती हवा नाहीतर वाफ मोजतो आणि आकडा उलट कमी दाखवू शकतो, त्यामुळे कूलंटच्या बाटलीतली लेव्हल बघत जाच. वॉरंटीतल्या गाडीचा होज मी तरी कापणार नाही.