लिफ्टच्या एआरडीच्या बॅटऱ्या : बुधवार पेठेतील एका दुकानाच्या सेवेचे परीक्षण

वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी यंत्रणा ज्या बॅटऱ्यांवर चालते, त्यांची आठवण बहुतेक सोसायट्यांना कोणीतरी लिफ्टमध्ये अडकल्यावरच होते. आमच्या पुण्यातील इमारतीत १२ व्होल्ट, २६ अँपिअर-अवर क्षमतेच्या चार सीलबंद लेड ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकूण ४८ व्होल्टला जोडलेल्या आहेत. आधीच्या संचाची कवचे अकाली फुगल्यामुळे नवा संच बसवण्याचे काम बुधवार पेठेतील एका दुकानाला दिले. दर इतरांपेक्षा चढा होता. तरीही तो मला रास्त वाटतो, कारण तंत्रज्ञाने नव्या बॅटऱ्या खोक्यातून काढण्याआधी जुन्या का गेल्या याचा शोध घेतला.

शोध चार्जरपाशी संपला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि सतत चार्जिंगवर राहणाऱ्या बॅटरीला २५ अंश सेल्सिअसला दर सेल साधारण २.२५ ते २.३० व्होल्ट, म्हणजे चार बॅटऱ्यांना मिळून ५४ ते ५५.२ व्होल्ट पुरतात. आमचा चार्जर ५६.८ व्होल्ट देत होता. त्यातच मशीन रूम गच्चीवर, पत्र्याखाली. एप्रिल-मे महिन्यांत तिथे उभे राहवत नाही. तापमान वाढते तसे हे व्होल्टेज दर अंशामागे दर सेल सुमारे ३ मिलीव्होल्टने कमी करावे लागते, आणि ४० अंशांना आमच्या २४ सेलसाठी ही घट एक व्होल्टाहून थोडी अधिक भरते. ती न केल्यास बॅटरी जास्त चार्ज होते, आतला ओलावा हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रूपाने, आतला दाब वाढल्यावर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधून निघून जातो, बॅटरी तापते, तापल्यामुळे आणखी प्रवाह ओढते आणि शेवटी फुगते. आमच्या चार्जरमध्ये तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोय नसल्यामुळे तंत्रज्ञाने ते ५४ व्होल्टवर आणून ठेवले आणि बॅटऱ्यांचा स्टँड पत्र्यालगतच्या कोपऱ्यातून सावलीच्या, वारा खेळणाऱ्या भिंतीकडे हलवला. सतत आठ-दहा अंश जास्त उष्णतेत या बॅटऱ्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, हे लक्षात घेता या हलवाहलवीची मजुरी मुळीच जास्त नव्हती.

प्रत्यक्ष जोडणी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या मेकॅनिकसमोर, लिफ्ट बंद करून झाली. तंत्रज्ञाने हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवले, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेलीच होती, आणि जुना संच सोडवताना त्याने पहिल्यांदा मधली जोडपट्टी काढून ४८ व्होल्टचे दोन भाग केले. बॅटरी सीलबंद असली तरी दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना जागीच चिकटू शकतो. त्यामुळे ही काळजी अनाठायी म्हणता येत नाही. नव्या चारही बॅटऱ्या एकाच उत्पादन-महिन्याच्या होत्या आणि कशालाही न जोडलेल्या अवस्थेत प्रत्येकीवर १२.८ व्होल्टच्या आसपास रीडिंग आले. एकच बॅटरी खराब झाल्यावर तेवढीच बदलण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, परंतु जुन्या-नव्यांच्या मिश्रणात जुनी उपाशी राहते किंवा नवी जास्त चार्ज होते. दोन बॅटऱ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवले, शेवटची जोडणी फ्यूज काढून ठेवून केली आणि त्याआधी दोन टोकांमधील व्होल्टेज व ध्रुव मल्टीमीटरने तपासले.

दोन गोष्टी खटकल्या. बॅटरीच्या वाटेवर आधीपासून घरगुती एसी विजेसाठीची एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप पडणारा स्विच) होती, आणि ती तशीच ठेवण्याचा त्यांचा विचार होता. बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, त्यामुळे एमसीबीतील ठिणगी विझण्याची खात्री नसते. मी आग्रह धरल्यावर डीसीसाठीचा फ्यूज बसवला गेला. इतक्या जाणत्या माणसाला हे सांगावे लागू नये. दुसरे म्हणजे स्टँडभोवती पत्र्याची बंद पेटी करून घ्या, असे दुकानातून सुचवण्यात आले. उंदरांसाठी जाळी ठीक आहे, पण हवेत ४ टक्के हायड्रोजन जमला तरी पेट घेण्यास पुरेसा असल्याने हवाबंद पेटीला मी नकार दिला.

देखभालीचा करार वर्षाचा आहे. डिस्टिल्ड वॉटर घालायचे नसते म्हणून या बॅटऱ्यांकडे पाहायचेच नाही, असा समज इथे दिसला नाही. दर तीन महिन्यांनी चारही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्टेज, टर्मिनलांचा घट्टपणा आणि कवचाचा आकार यांची नोंद होते. पुसण्यासाठी फक्त किंचित ओले फडके वापरतात. थिनर किंवा पेट्रोलने प्लास्टिकच्या कवचाला तडे जातात. सहामाही चाचणीत वीज तोडून लिफ्ट एआरडीवर चालवतात आणि भाराखाली एकूण व्होल्टेज ४२ च्या खाली जात नाही ना, हे पाहतात. पहिली चाचणी समाधानकारक झाली.

जुन्या बॅटऱ्या दुकानाने परत घेतल्या, त्यांची किंमत बिलातून वजा केली आणि तशी लेखी नोंदही दिली. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ लागू असताना शिसे आणि आम्ल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवणे योग्य नाही, त्यामुळे सोसायट्यांनी हा कागद मागून घ्यावा. मशीन रूम तापणाऱ्या इमारतींना मी हे दुकान सुचवेन. डीसी फ्यूजची अट मात्र कोटेशनमध्येच लिहून घ्यावी.